आईबाबांचा फोन अर्धा तास हातात घ्या आणि एवढं करून द्या

साताऱ्यात एसटी स्टँडजवळ माझं मोबाईलचं छोटं दुकान आहे. रिचार्ज, कव्हर, स्क्रीन गार्ड, डिस्प्ले बदलणं, हे झालं बोर्डवरचं काम. बोर्डवर नसलेलं एक काम गेल्या काही वर्षात मागं लागलंय, ते म्हणजे पैसे गेलेल्या माणसाला खुर्चीवर बसवायचं, आधी पाणी द्यायचं आणि मग विचारायचं की नेमकं काय दाबलं होतं. कारण येणारा प्रत्येकजण एकच वाक्य घेऊन येतो, "फोन हॅक झालाय बघ." मी उघडून बघतो तर हॅकबिक बहुतेक वेळा काही नसतं ओ, कडी आतूनच काढलेली असते, आपल्याच बोटानं.

लग्नसराईत कोरेगावकडचे एक आबा आले. टोपी, सदऱ्याच्या खिशात फोन, फोनला दोन रबर लावलेले. उसाच्या बिलाचे ४८ हजार खात्यातून गेलेले आणि त्यांना ते पासबुक भरायला गेल्यावर कळलं. फोनमध्ये शोधलं तर व्हॉट्सॲपवर एक फाईल सापडली, नाव लग्नपत्रिका, पण शेवटी डॉट एपीके. मी म्हणलं आबा, ही पत्रिका नाही, हे ॲप आहे. तर म्हणाले, "आरं पण पाव्हण्याच्या नंबरवरनं आली की, मग पाव्हण्याची पत्रिका उघडायची न्हाय व्हय?" यावर काय बोलणार. पाव्हण्याचं व्हॉट्सॲप आधीच चोराच्या ताब्यात गेलेलं, तिथनं ती फाईल सगळ्या भावकीला गेली होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पैसे जाऊन दोन दिवस झाले होते, आबांना आदल्या दिवशीच कळलेलं, पण पोरं ओरडतील म्हणून ते घरात कुणाला बोलले नव्हते.

म्हणून हे लिहितोय, आणि लिहितोय ते आबांसाठी नाही, ते हे वाचणार नाहीत. तुम्ही वाचताय, तुम्ही पुण्याला नायतर मुंबईला नोकरीला आहात, सुट्टीला गावी आलात की अर्धा तास काढा आणि घरच्यांचा फोन घेऊन बसा.

पण त्याआधी उलटीकडून सुरू करू, म्हणजे पैसे गेलेच तर काय करायचं. कारण ते आधी पाठ पाहिजे.

नंबर एकच, १९३०. हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर आहे. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही, तिथनं दुसऱ्या, दुसऱ्यातनं चौथ्या, असं फिरवत शेवटी एटीएममधून काढतो. तुम्ही १९३० ला सांगितलं की तक्रार त्या त्या बँकेकडं जाते आणि वाटेत जिथं पैसे सापडतील तिथं ते अडवून ठेवतात. म्हणजे ही सरळ सरळ शर्यत आहे. तासाभरात फोन केला तर काहीतरी हाताला लागायची शक्यता, आबांसारखं दोन दिवसांनी केला तर एटीएमातनं नोटा काढून माणूस जेवूनसुद्धा झालेला असतो. अडवलेले पैसे पण लगेच परत येत नाहीत, बऱ्याचदा कोर्टाचा आदेश वगैरे लागतो, पण अडवलेले बरे.

फोन लावायच्या आधी हातात काय पाहिजे ते सांगतो, कारण लोक घाबरून फोन लावतात आणि मग तिकडून विचारलं की शोधत बसतात. बँकेचं नाव, खाते नंबर, किती रुपये गेले, किती वाजता, आणि व्यवहाराचा नंबर, यूपीआय असेल तर १२ आकडी यूटीआर असतो, तो ॲपच्या हिस्टरीत त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. १९३० नाही लागला तर वाट बघत बसू नका, बँकेला लावा, आणि बँकेचा नंबर एटीएम कार्डच्या मागचा नायतर पासबुकावरचा घ्यायचा. गुगलवर शोधायचा नाही म्हणजे नाही, तिथं कस्टमर केअरच्या नावानं चोरांनीच नंबर टाकून ठेवलेले असतात, एकदा फसलेला माणूस तिथं दुसऱ्यांदा फसतो. बँकेला सांगितलं की तक्रार नंबर आणि वेळ कागदावर लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली जे नियम काढले त्यात हेच होतं की चूक तुमची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसात कळवलं तर तोटा तुमच्या अंगावर येत नाही, आणि ओटीपी वगैरे तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणजे दोन्हीकडून घड्याळच महत्त्वाचं. नंतर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर पूर्ण तक्रार भरायची, चॅट आणि मेसेज डिलीट करायचे नाहीत, लाज वाटली तरी. सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून पोलीस ठाण्यात जायचं.

फसवणूक एपीके फाईलमुळं झाली असेल नायतर कुणी स्क्रीन शेअरचं ॲप टाकायला लावलं असेल, तर १९३० ला फोन दुसऱ्याच्या मोबाईलवरून करा आणि आपला फोन आधी एरोप्लेन मोडवर टाका, वायफाय पण बंद. नेट बंद झालं की तुमचे मेसेज तिकडं जायचे थांबतात. ते ॲप काढून टाकायची घाई नको, बऱ्याचदा त्याचं आयकॉनच दिसत नाही. शेवटी स्क्रीनशॉट, फोटो वगैरे बाजूला काढून फॅक्टरी रिसेट मारणं, म्हणजे फोन नवा होता तसा कोरा करणं, हाच खात्रीचा उपाय, आणि त्यानंतर सगळे पासवर्ड, पिन नवीन.

आणि अजून एक, पैसे गेले की आठवड्याभरात एखादा फोन येतो, आम्ही सायबर सेलमधून, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला एवढी फी भरा. ते पण चोरच. एकदा जाळ्यात सापडलेल्या माणसाचा नंबर त्यांच्या बाजारात विकला जातो.

आता फोन घ्या हातात. अँड्रॉईड धरून सांगतो, गावाकडं तोच जास्त.

पहिलं काम एपीकेचं. एपीके म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून ॲप टाकायची फाईल. ती नुसती आली म्हणून काही होत नाही, तिच्यावर बोट ठेवलं, फोनने विचारलं की अनोळखी ठिकाणाहून टाकू का, त्याला हो म्हणलं, मग ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, त्यालाही हो म्हणलं, तेव्हा घात होतो. म्हणजे चारपाच वेळा हो म्हणलेलं असतं. एकदा मेसेजची परवानगी मिळाली की तुमचा ओटीपी तुमच्याआधी चोराला दिसतो. आणि ॲक्सेसिबिलिटी नावाची परवानगी दिली तर स्क्रीनवर काय आहे ते वाचता येतं, बटणंसुद्धा तोच दाबू शकतो. तर सेटिंगमध्ये वरती शोधायच्या पट्टीत अननोन ॲप्स असं टाका, यादी येईल, त्यात व्हॉट्सॲप, क्रोम, फाईल मॅनेजर, टेलिग्राम सगळ्यांपुढचं बंद करा. मग प्ले स्टोअर उघडून वरच्या फोटोवर दाबा, प्ले प्रोटेक्ट, म्हणजे ॲप तपासणारी सोय, चालू आहे का बघा. मग सेटिंगमधून ॲक्सेसिबिलिटी उघडून तिथं अनोळखी ॲप चालू नाही ना बघा, आणि कुठल्या कुठल्या ॲपला एसएमएस वाचायची परवानगी आहे ते बघा. टॉर्चच्या ॲपला मेसेज वाचून काय करायचंय ओ? काढून टाका.

नावं बदलत राहतात, माल तोच. लग्नपत्रिका, ट्रॅफिकचं चलन, पीएम किसानची यादी, बँकेचं केवायसी, लाईटबिल थकलंय. घरच्यांना नावं पाठ करायला लावू नका. एवढंच सांगा, पत्रिका फोटो नायतर पीडीएफ असते. उघडल्यावर इन्स्टॉल असा शब्द दिसला की ती पत्रिका नाही. आबांना हे एका मिनिटात कळलं.

दुसरं, व्हॉट्सॲप. सेटिंगमध्ये अकाउंट, त्यात टू स्टेप व्हेरिफिकेशन, तिथं सहा आकडी पिन टाका, जन्मतारीख नको. हा पिन असला की कुणी आईकडून मेसेजवर आलेला सहा आकडी कोड गोड बोलून काढून घेतला तरी तेवढ्यावर तिचं व्हॉट्सॲप त्याच्या फोनवर चालू होत नाही. मग लिंक्ड डिव्हायसेस उघडा, तिथं तुमच्या ओळखीचा नसलेला कॉम्प्युटर दिसला तर लॉगआऊट. आणि अनोळखी माणसानं ग्रुपमध्ये ओढू नये म्हणून प्रायव्हसीत ग्रुप्स उघडून माय काँटॅक्ट्स करा. शेअर मार्केटचे ग्रुप असेच चालू होतात, सकाळी उठलं की आपण कुठल्या तरी गुरूच्या ग्रुपात. तिथं दीडशे माणसं रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकतात आणि त्यातला खरा गिऱ्हाईक फक्त तुम्ही असता. ॲपमध्ये पैसे वाढलेले दिसतात, काढायला गेलं की आधी टॅक्स भरा म्हणतात. टॅक्स असा कुणी आगाऊ खासगी खात्यात घेत नाही.

तिसरं कॉल फॉरवर्डिंग. कुरिअरवाला बोलतोय, पत्ता सापडत नाही, हा नंबर डायल करा असं सांगून *२१ नायतर *४०१ ने सुरू होणारा आकडा डायल करायला लावतात आणि मग तुमचे कॉल तिकडं जातात, ओटीपी सांगणारा कॉल पण. शंका आली तर ##००२# डायल करा, सगळं फॉरवर्डिंग निघतं, आणि फोनच्या कॉल सेटिंगमध्ये जाऊन परत एकदा बघा. कुणी सांगितलं म्हणून चांदणी नायतर हॅश असलेला आकडा डायल करायचा नाही. मी सांगितला तो पण शंका असेल तर कंपनीच्या गॅलरीत जाऊन विचारून करा, मला राग नाही.

चौथं माझं स्वतःचं डोकं आहे, कुठल्या बँकेनं सांगितलेलं नाही, पण मला सगळ्यात कामाचं वाटतं. उसाचं बिल, पेन्शन, एफडीचे पैसे ज्या खात्यात येतात ते खातं यूपीआयला जोडूच नका. वेगळं एक खातं काढा, त्यात चारपाच हजार ठेवा, भाजी, रिचार्ज, गॅस त्यातनं. आपण बाजारला जाताना सगळी तिजोरी पिशवीत घालून नेतो का? मग चोर आलाच तर पिशवी जाईल, कणगी राहील. सोबत बँकेत जाऊन नायतर ॲपमधून रोजची मर्यादा पण कमी करून घ्या.

आधारचं एक. अंगठ्यावर पैसे काढायची सोय असते ना, गावात मायक्रो एटीएमवाला येतो, तिथं आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढंच लागतं. ज्याला ती लागत नाही त्यानं आधारच्या सरकारी ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून टाकावं, लागेल तेव्हा उघडता येतं. झेरॉक्स द्यायची वेळ आली तर मास्क्ड आधार द्या, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. आणि कव्हर काढून बघा हो, खरंच. आबांच्या कव्हरमागं एटीएमच्या पिनची चिठ्ठी होती, निळ्या पेनानं, आकडे मोठे मोठे. वाचता यावेत म्हणून.

आता वेबसाईटचा पत्ता कसा वाचायचा. हे एकदा कळलं की जन्माला पुरतं. आपण पाकिटावर पत्ता लिहितो तेव्हा आधी नाव, मग गल्ली, मग मुक्काम पोस्ट, मग तालुका आणि शेवटी जिल्हा सातारा. पोस्टमन आधी काय बघतो? शेवटचं. वेबसाईटचं तसंच, पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग घ्यायचा आणि तो शेवटाकडून वाचायचा. लाडकी बहीणचं ई-केवायसी सुरू झालं तेव्हा बायका दुकानात यायच्या, फोनमध्ये सात लिंका, कुठली खरी? खरी ती जिच्या शेवटी महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन आहे. खोटीत महाराष्ट्र पण असतो, गव्ह पण असतं, पण मधे डॅश घालून, आणि शेवट डॉट कॉम नायतर डॉट ऑनलाईन. म्हणजे घराला नाव दिलंय सातारा आणि जिल्हा भलताच. गाड्यांच्या नवीन नंबरप्लेटच्या वेळी पण हाच खेळ झाला. बँकांना तर आता रिझर्व्ह बँकेने डॉट बँक डॉट इन असा वेगळा शेवट दिलाय, तो दुसऱ्या कुणाला मिळत नाही. तसंच बँकेचे व्यवहाराचे फोन यायला १६०० ने सुरू होणारी मालिका दिलीय. पण फोन १६०० वरून आला तरी ओटीपी सांगायचा नाहीच, ओटीपी हा सांगायचा आकडाच नाही.

आपल्या जिल्ह्यात दोन गोष्टी जास्त चालतात त्या वेगळ्या सांगतो. एक म्हणजे फौजी. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव असलेला हा जिल्हा, फौजी म्हणलं की आपण आधी चहा विचारतो, आणि चोराला हे चांगलं माहीत असतं. खोली भाड्याने द्यायची जाहिरात टाकली, नायतर जुनी गाडी विकायला काढली, की फोन येतो, मी आर्मीत आहे, बदली झालीय, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, वर्दीतला फोटो पाठवतो. डिपॉझिट देतो पण आर्मीची पद्धत अशी आहे की आधी तुम्ही एक रुपया पाठवा, मग डबल येईल. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोड स्कॅन करायला लागत नाही. पिन टाकायची पाटी आली म्हणजे पैसे तुमच्याकडून निघालेत, समोर कोण का असेना. माझा मेहुणा स्वतः रिटायर्ड सुभेदार आहे, त्याला विचारलं, अशी काही पद्धत असते का. त्यानं जे उत्तर दिलं ते इथं लिहिता येत नाही.

दुसरं महाबळेश्वर, पाचगणीचं बुकिंग. चांगल्या हॉटेलचे फोटो चोरून खोटं पान करायचं, भाव थोडा कमी, आजच निम्मे भरा. पुण्यामुंबईची माणसं सामान घेऊन घाट चढून येतात आणि हॉटेलवाला म्हणतो तुमचं नावच नाही. आपण इथलेच आहोत, पाव्हण्यांचं बुकिंग करायचं तर ओळखीच्या कुणाला तरी जाऊन बघायला सांगता येतं, नायतर नकाशावर आणि अजून दोनतीन वेगळ्या ठिकाणी दिलेला नंबर जुळतो का बघून फोन करा, आणि पैसे माणसाच्या नावाच्या खात्यात मागितले तर सोडून द्या.

डिजिटल अरेस्टबद्दल, म्हणजे व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस बनून अटकेची भीती घालून पैसे उकळतात त्याबद्दल, सगळीकडं ऐकलंय, तरी एक सांगतोच. एक बाई आल्या, शाळेतून रिटायर झालेल्या, पर्समध्ये फोन, काउंटरवर वाकून काही न बोलता बिलाच्या मागच्या बाजूला लिहिलं, "बोलू नका, ते ऐकत आहेत." अक्षर शाळेतल्या फळ्यावरचं असतं तसं सुंदर. पर्समध्ये व्हिडिओ कॉल चालू होता, तिकडं वर्दीतला माणूस, पाठीमागं झेंडा. तुमच्या नावाच्या पार्सलात ड्रग्ज सापडलेत म्हणे. त्या बँकेत चालल्या होत्या एफडी मोडायला, वाटेत धीर करून दुकानात शिरल्या. मी फोन घेतला आणि लाल बटण दाबलं, बास. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही, पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये हेच सांगितलं होतं. पण घरच्यांना कायदा सांगून उपयोग नाही, त्यांना सांगा की कुणीही, कितीही मोठा साहेब, "घरात कुणाला सांगू नका" म्हणाला की तिथंच ओळखायचं आणि फोन कापून तुम्हाला लावायचा. आणि तुम्ही ओरडायचं नाही. आबांनी जो दिवस वाया घालवला तो चोरामुळं नाही, पोरांच्या तोंडाच्या भीतीनं.

पोरांचं पण थोडं. रात्री अनोळखी बाईचा व्हिडिओ कॉल येतो, उचलला की रेकॉर्डिंग, मग पैशाची धमकी. पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिले की मागणी थांबत नाही, ब्लॉक करून तक्रार करायची. आणि कॉलेजच्या पोरांनो, खातं भाड्यानं देऊ नका. महिन्याला पाच हजार देतो, फक्त पासबुक, एटीएम आणि सिमकार्ड दे, असं म्हणणारा मित्र मित्र नसतो. आबांचे पैसे ज्या खात्यात गेले ते असंच कुणाच्या तरी पोराचं असणार, आणि पोलीस आधी त्याच्याच दारात जातात. तुमच्या नावावर दुसरी सिमं चालू आहेत का ते सरकारच्या संचार साथी वर बघता येतं, फोन हरवला तर तिथूनच ब्लॉक पण करता येतो.

सगळं करून झालं की एक परीक्षा घ्या. दोन दिवसांनी आवाज बदलून नायतर मित्राकडून घरच्यांना फोन करा, बँकेतून बोलतोय, खातं बंद होणार, आलेला आकडा सांगा. मी आमच्या आईची घेतली. पहिल्या खेपेला तिनं आकडा तर सांगितलाच, वर "चष्मा आणते, थांबा हं साहेब" म्हणून साहेबाला होल्डवर ठेवलं. मी काही बोललो नाही, जेवताना हसत सांगितलं. पंधरा दिवसांनी दुकानातल्या पोराला परत फोन करायला लावला, तर तिनं त्याला त्याचं गाव, बापाचं नाव आणि शिक्षण विचारलं, आणि आमच्या आईनं शिव्या द्यायला सुरुवात केल्यावर पोरानं फोन माझ्या हातात दिला.